सर्पेंटाइनची नापीक जमीन: अभ्यास कसा करावा आणि ती नापीकच कशी ठेवावी

कॅलिफोर्नियात सॅन होजे शहराच्या कडेला सर्पेंटाइन खडकाच्या टेकड्या आहेत. वसंतात तिथल्या उतारांवर वीतभरही न वाढणारी रानफुलं येतात. त्यांतल्या प्लांटागो नावाच्या बोटभर रोपावर ‘बे चेकरस्पॉट’ फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. १९८७ साली हे फुलपाखरू अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं. पुढे एक उलटीच गोष्ट दिसली. जिथं गुरं चरत राहिली तिथं फुलपाखरं टिकली. जिथं चराई थांबली तिथं काही वर्षांत परदेशी रायगवत माजलं, प्लांटागो त्याखाली गुदमरलं आणि फुलपाखरं गेली. संशोधक स्टुअर्ट वाइस यांनी १९९९ मध्ये याचा उलगडा केला. शहरातल्या गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून या टेकड्यांवर उतरत होता, म्हणजे जमिनीला फुकटात खत मिळत होतं. त्या खतावर वाढणारं गवत गुरं खाऊन टाकत होती, म्हणून रोपं वाचत होती.

या जमिनीला तिची गरिबी हेच कुंपण असतं. बाहेरचं जोमदार गवत आणि झाडोरा आत येत नाही, कारण आत खायला काही नाही. अभ्यास करताना पहिला प्रश्न हाच धरावा: ही जमीन नेमकी कशामुळे गरीब आहे? आणि राखायची वेळ आली की दुसरा: ती गरिबी कोण मोडतंय? खाली दिलेला सगळा क्रम या दोन प्रश्नांभोवती बांधलेला आहे.

आधी खडक ओळखा

पृथ्वीच्या प्रावरणातले मॅग्नेशियम आणि लोहाने गच्च भरलेले खडक, ज्यांना अल्ट्रामॅफिक म्हणतात, भूपट्टांच्या टकरीत वर येतात. त्यांतल्या ऑलिव्हिनसारख्या खनिजांचा पाण्याशी संयोग झाला की सर्पेंटाइन बनतं. हिरवट, गुळगुळीत, सापाच्या कातड्यासारखी नक्षी असलेलं. लॅटिनमधला ‘सर्पेन्स’ आणि आपला ‘सर्प’ ही एकाच घरातली भावंडं, त्यामुळे हे नाव मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रानात उभं राहून ओळखायचं तर तीन खुणा पुरेत. खडक हाताला साबणासारखा बुळबुळीत लागतो, चाकूने ओरखडा उठतो आणि त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे चुंबक थोडाफार चिकटतो. चुंबक एकट्यावर विसंबू नका, बेसॉल्टलाही तो चिकटतो. उष्ण, पावसाळी प्रदेशात मूळ खडक खोल गाडलेला असतो आणि वर लोहाची जाड तांबडी माती असते. तिथं हिरवा दगड शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

भूवैज्ञानिक नकाशा घ्या, त्यावर उपग्रहाचं चित्र ठेवा आणि जिथं झाडी अचानक विरळ होते ती रेघ पाहा. बऱ्याच ठिकाणी ही रेघ सुरीने कापल्यासारखी असते. मात्र नकाशावरची खडकाची हद्द आणि जमिनीवरची मातीची हद्द एकच असेल असं गृहीत धरू नका. सर्पेंटाइनचे उतार घसरणीचे असतात. वरची माती वाहून खालच्या वेगळ्या खडकावर पसरते, आणि तिथली झाडंही फसतात, तुम्हीही.

बूट, धूळ आणि परवानगी

क्रायसोटाइल हे सर्पेंटाइन गटातलंच खनिज, आणि तोच ॲस्बेस्टॉसचा एक प्रकार. प्रत्येक सर्पेंटाइन खडकात धोकादायक तंतू असतातच असं नाही, पण कोरड्या दिवसांत धूळ उडवणारं खोदकाम, गाडीमागची धूळ आणि नमुने कुटणं यांपासून सांभाळून राहायला हवं. कॅलिफोर्नियातलं क्लिअर क्रीक हे मोटारसायकलवाल्यांचं आवडतं क्षेत्र याच कारणाने २००८ मध्ये लोकांसाठी बंद करावं लागलं होतं. माती ओलसर असताना खोदा, चांगल्या प्रतीचा श्वसन-मास्क वापरा, मळलेले कपडे घरात झटकू नका.

बुटांचा मुद्दा मला धुळीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो सर्रास दुर्लक्षिला जातो. कॅलिफोर्निया-ऑरेगन सीमेवरच्या क्लामाथ डोंगरांत सर्पेंटाइनवरच्या ओढ्यांकाठी पोर्ट ऑरफर्ड सीडर वाढतो. त्याची मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा हा बुरशीसदृश रोगजंतू गाडीच्या चाकांना आणि बुटांना लागलेल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जातो. अभ्यासकच रोग घेऊन हिंडायला नकोत. एका जागेवरून दुसरीकडे जाताना ब्रशने चिखल पूर्ण काढा, मग जंतुनाशकाने तळवे पुसा. बिया मोज्यांना आणि पँटच्या दुमडीतही बसतात, तेही तपासा.

जमिनीच्या मालकाची आणि वनस्पती गोळा करण्याची परवानगी लेखी घ्या. दुर्मीळ जातीची अचूक जागा प्रकाशित करू नका.

मातीचे नमुने: इथं घाई नको

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथं जरा थांबतो.

मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९८० मध्ये ‘सर्पेंटाइन सिंड्रोम’ असा शब्द वापरला. एखादा आजार नसून लक्षणांचा संच असावा तसं हे आहे. कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरमसाट. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम तिन्हींची टंचाई. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम जास्त. वरून माती उथळ, दगडगोट्यांची, पाणी न धरणारी आणि उन्हात तापणारी. यांतलं कुठलं कारण कुठं भारी पडतं ते जागेगणिक बदलतं. ‘निकेलमुळे झाडं खुरटतात’ असं एका वाक्यात सांगणाऱ्या लेखावर मी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक चौकटीत, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या चौरसात, पाच ठिकाणची, वरच्या १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घेऊन एकत्र करा. खुरपं प्लॅस्टिकचं किंवा लाकडी वापरा. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल आणि क्रोमियम हेच धातू असतात, आणि तेच मोजायला तुम्ही निघालेले आहात. चाळणीही नायलॉनची, २ मिलिमीटरची. चाळणीवर उरलेले खडे फेकून देण्याआधी त्यांचं वजन करा. अर्धी जमीन दगडांची असेल तर प्रयोगशाळेने दिलेला फॉस्फरसचा आकडा प्रत्यक्षात निम्म्याच मातीला लागू असतो. हा हिशेब न केल्याने कित्येक जमिनी आहेत त्यापेक्षा कागदावर श्रीमंत दिसतात.

प्रयोगशाळेकडून काय मागायचं? सामू (पीएच), विनिमयक्षम (मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, मुळांना मिळू शकणारं) कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, उपलब्ध फॉस्फरस, एकूण नायट्रोजन, सेंद्रिय कर्ब. धातूंसाठी दोन वेगळ्या चाचण्या: आम्लात विरघळवून एकूण प्रमाण, आणि डीटीपीए द्रावणाने निघणारं, म्हणजे झाडाला ढोबळमानाने मिळू शकेल असं प्रमाण. दोन्ही आकडे लागतात. सर्पेंटाइन मातीत एकूण निकेल किलोमागे हजार-दोन हजार मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असणं नेहमीचं आहे, तर साधारण मातीत ते बहुधा दोन आकडीच असतं. पण मुळांना त्यातला छोटा वाटाच लागू होतो. क्रोमियमची गंमत याहून मोठी. आकडा पाहून छाती दडपते, आणि जवळजवळ सगळं क्रोमियम क्रोमाइटच्या घट्ट कणांत कोंडलेलं असतं. झाडं त्याला शिवतही नाहीत. पाण्यातलं षट्संयुजी क्रोमियम हा वेगळा आणि खरा धोका, त्याची चाचणीही वेगळी.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं गुणोत्तर लिहिताना ते वजनाचं आहे की अणुसंख्येचं हे नमूद करा. वजनाने १ असलेलं गुणोत्तर अणुसंख्येने साधारण ०.६ होतं, कारण कॅल्शियमचा अणू जड आहे. सर्पेंटाइन मातीत विनिमयक्षम कॅल्शियम मॅग्नेशियमपेक्षा कमी भरतं. दोन लेखांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे याच फरकात अडकतात.

झाडं मोजा, पण शेजारही मोजा

गवताळ भागात एक चौरस मीटरच्या चौकटी आणि झुडपांत दहा बाय दहा मीटरच्या. सर्पेंटाइनपासून शेजारच्या साध्या खडकापर्यंत जाणारा पट्टा आखा आणि त्यावर चौकटी टाका. दोन्ही बाजूंचा उतार, दिशा आणि उंची शक्य तितकी सारखी हवी, नाहीतर तुम्ही सर्पेंटाइनचा नाही तर उन्हाचा परिणाम मोजत बसाल. एकाच टेकडीवर पन्नास चौकटी टाकल्या म्हणून पन्नास पुरावे होत नाहीत. टेकडी एक, पुरावा एक. पाच वेगळे उघडे भाग आणि प्रत्येकी दहा चौकटी हे केव्हाही जास्त बोलतं. हे भाग समुद्रातल्या बेटांसारखे विखुरलेले असतात, म्हणून प्रत्येकाचं क्षेत्रफळ आणि शेजारच्या भागापासूनचं अंतरही नोंदवा.

नावं शोधताना रूपाने फसू नका. सर्पेंटाइनवर एकच जात बुटकी होते, पानं अरुंद, जाड, निळसर आणि लव नसलेली होतात. ती वेगळी जात की जागेने घडवलेलं रूप, हे रानात ठरत नाही. नमुना हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबा, पण दुर्मीळ रोप मुळासकट उपटू नका. फोटो आणि दोन-चार पानं पुरतात. शेवाळ, दगडफूल, मुंग्या, मातीतल्या बुरश्या हे सगळं सहसा राहून जातं. शक्य असेल तर निदान दगडफुलांची एक यादी तरी करा.

आणि हे काम फक्त तज्ज्ञांचं, असं मानू नका. स्कॉटलंडमधल्या शेटलँडच्या उन्स्ट बेटावर कीन ऑफ हमार या सर्पेंटाइनच्या उघड्या माळावर वाढणारी एडमंडस्टन चिकवीड १८३७ मध्ये टॉमस एडमंडस्टन याने शोधली, तेव्हा तो शाळकरी वयाचा होता.

निकेल साठवणारी झाडं: कागदाची पट्टी ते प्रयोगशाळा

बहुतेक झाडं धातूला मुळाशीच अडवतात. मोजकी मात्र उलट करतात. धातू ओढून पानांत भरतात. त्यांना अतिसंचयी म्हणतात. निकेलसाठी रेघ अशी आहे: नैसर्गिक जागी वाढलेल्या वाळलेल्या पानात किलोमागे १,००० मिलिग्रॅमहून जास्त. तांबं आणि कोबाल्टसाठी ३००, जस्तासाठी ३,०००, मँगनीजसाठी १०,०००. १९४८ मध्ये मिंगुझी आणि व्हेर्ग्नानो यांनी टस्कनीतल्या अॅलिसम बर्टोलोनी या वनस्पतीत निकेलचा हा प्रकार प्रथम दाखवला. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या पिक्नँड्रा अॅक्युमिनाटा या झाडाचा चीक तर निळा-हिरवा असतो, आणि वाळल्यावर त्याच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा निकेल भरतो. आज अशा सातशेच्या वर जाती माहीत आहेत, त्यांतल्या बहुसंख्य निकेलच्या.

रानातच करता येणारी चाचणी स्वस्त आहे. डायमिथाइलग्लायॉक्झिमचं एक टक्का द्रावण अल्कोहोलमध्ये करा, गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून वाळवा. ताजं पान थोडं ओलं करून पट्टीवर चिरडा. निकेल भरपूर असेल तर पट्टी गुलाबी ते किरमिजी होते. रंग आला नाही तर ‘निकेल नाही’ असा अर्थ काढू नका, ‘फार नाही’ एवढाच काढा. हर्बेरियममधल्या जुन्या नमुन्यांवरही हे होतं, पण आता तिथं हातात धरायचं क्ष-किरण यंत्र पान न फाडता हजारो नमुने तपासतं.

रंग आला की पान प्रयोगशाळेत पाठवा, पण त्याआधी ते शुद्ध पाण्याने नीट धुवा. पानावर बसलेली मातीची धूळ ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी खोटी बातमी आहे. निकेलबरोबर क्रोमियम, लोह आणि टायटॅनियमही वर गेलेलं दिसलं तर पान नव्हे, पानावरची माती बोलते आहे. दळायला स्टीलचं भांडं नको, अकीक किंवा चिनी मातीचा खल घ्या. प्रत्येक खेपेत एक रिकामा (पान न घातलेला) नमुना आणि एक ज्ञात प्रमाणाचा संदर्भनमुना टाका.

प्रयोग: माती बदलून पाहा

वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर क्रुकबर्ग यांनी १९५१ मध्ये छापलेल्या प्रयोगांत एकाच जातीच्या दोन प्रकारच्या रोपांना दोन्ही प्रकारच्या मातीत लावलं. साध्या मातीतल्या वंशाची रोपं सर्पेंटाइनवर मेली किंवा खुरटली. सर्पेंटाइनवरच्या वंशाची रोपं मात्र साध्या मातीतही छान वाढली, कधीकधी घरच्यापेक्षा जास्तच. म्हणजे त्यांना विष आवडतं असं नाही, त्यांना शेजारी झेपत नाहीत. हीच ती गरिबीच्या कुंपणाची गोष्ट.

तुम्ही करणार असाल तर दोन्ही ठिकाणचं बी आधी एक पिढी सारख्या मातीत वाढवा, नाहीतर आईच्या पोषणाचा फरक वंशाचा म्हणून नोंदला जाईल. एका गटात स्पर्धक गवत घाला, एकात घालू नका. खरं उत्तर तिथंच असतं. कॅल्शियमचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर चुना नको, जिप्सम वापरा. चुन्याने सामू चढतो आणि सामू चढला की निकेलची उपलब्धताही बदलते, मग नेमकं काय घडलं ते कळत नाही. प्रयोग कुंड्यांत ठेवा. दुसऱ्या टेकडीचं बी रानात टाकून स्थानिक वंशांची सरमिसळ करू नका.

राखायचं कसं

धोके ओळखायला मोठं शास्त्र लागत नाही, एका प्रश्नाने काम होतं: इथं नव्याने काय साचतंय?

नायट्रोजन साचत असेल तर तो काढून नेणारा कुणीतरी हवा. सॅन होजेच्या टेकड्यांवर तो गुरांनी नेला. पण हे उत्तर उचलून दुसरीकडे लावू नका. कोरड्या, कधीच चराई न झालेल्या माळावर खूर आणि शेण दोन्ही घात करतील. छोट्या जागी गवत फुलण्याआधी कापून बाहेर नेणं हा सावध मार्ग. कापून तिथंच टाकलं तर काहीच साधत नाही.

पालापाचोळा साचत असेल तर झाडी आत येते आहे. मेरीलँडमधल्या सोल्जर्स डिलाइट या सर्पेंटाइन माळावर वणवे विझवले गेल्यावर व्हर्जिनिया पाइनने पाय पसरले. सुयांचा थर जमला, सावली झाली, माळाची फुलं मागे हटली. तिथं आता पाइन तोडतात आणि ठरवून, आखून जाळही लावतात. झाडं तोडून संवर्धन करायचं हे लोकांच्या गळी उतरवणं कठीण असतं. उघड्या माळाला ‘पडीक’ म्हणून त्यावर वृक्षारोपण करणारे हात तर चांगल्या मनाचे असतात, म्हणूनच त्यांना थांबवणं आणखी अवघड. त्यांना चौकटीतली झाडांची यादी दाखवा, भाषण नको.

कुंपण अभेद्य नाही हेही लक्षात असू द्या. काटेरी गोटग्रास हे परदेशी गवत कॅलिफोर्नियात सर्पेंटाइनवरही शिरतं. ते पहिल्या वर्षी हाताने उपटणं सोपं, पाचव्या वर्षी अशक्य.

निकेल पिकवणाऱ्या वनस्पतींबद्दल बराच उत्साह आहे. धातू काढण्यासाठी त्या मुद्दाम लावायच्या, कापायच्या, जाळून राखेतून निकेल मिळवायचं. अल्बानियात स्थानिक जातींवर असे प्रयोग झाले आहेत. पण ऑरेगनमध्ये याच कामासाठी आणलेल्या युरोपातल्या अॅलिसमच्या दोन जाती शेताबाहेर पडल्या, दुर्मीळ वनस्पतींच्या सर्पेंटाइन रानात घुसल्या आणि राज्याला त्यांना उपद्रवी तण ठरवावं लागलं. स्थानिक जात नसेल तर लावू नये, एवढं माझं स्पष्ट मत.

खाण आली तर, आणि खाण संपली तर

न्यू कॅलेडोनियाच्या मुख्य बेटाचा जवळपास तिसरा भाग अल्ट्रामॅफिक आहे, आणि निकेलच्या खाणी तिथंच, जगात इतरत्र कुठंही नसलेल्या झाडांच्या पायाखाली आहेत. काँगोच्या कटांगात तांब्याच्या टेकड्यांवरची तांबंसहिष्णू फुलं खाणीबरोबर जातात. जी टेकडी एकमेव आहे ती वगळणं हा एकच खरा उपाय. बाकी सगळं नुकसान कमी करणं आहे.

तरी खोदणार असतील तर वरची माती आधी वेगळी काढून घ्यायला लावा. तिच्यात बी, बुरश्या आणि जिवाणू असतात. ढीग उंच रचून वर्षानुवर्षं ठेवला तर त्यातलं बी मरतं, म्हणून काढलेली माती लगेच दुसऱ्या तयार उतारावर पसरवायला हवी. खत हात राखून. भरपूर खत घातलं की पहिल्या वर्षी हिरवंगार दिसतं, फोटो छान येतो, आणि त्या हिरव्यात स्थानिक एकही नसतं. न्यू कॅलेडोनियात जिम्नोस्टोमासारखी, मुळातल्या फ्रँकिया जिवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन बांधणारी स्थानिक झाडं वापरतात. ती या मातीत मुळातच आहेत, त्यामुळे तिथं चालतात.

जुन्या खाणींची गोष्ट वेगळी. ब्रिटनमधल्या शिसं-जस्ताच्या ढिगाऱ्यांवर साध्या गवतांनी अल्प काळात धातू सोसणारे वंश घडवले. अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलगडून दाखवलं, आणि त्यातूनच ढिगारे झाकायला ‘मर्लिन’सारखे गवताचे वाण निघाले. जस्ताच्या मातीवरची पिवळी व्हायोला असलेली कुरणं युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात संरक्षित प्रकार म्हणून नोंदलेली आहेत. म्हणून जुना ढिगारा स्वच्छ करून वर काळी माती टाकायचा ठराव आला, तर आधी वनस्पतींची पाहणी मागा. विषारी पाणी खाली वाहत असेल तर ते अडवावंच लागेल, पण ते काम बहुधा ढिगाऱ्याच्या पायथ्याशी करता येतं.

पुन्हा पुन्हा तिथंच जा

वर्षायू रोपं पावसाबरोबर वरखाली होतात. दोन वर्षांच्या आकड्यांवरून काही म्हणू नका. दहा वर्षं त्याच चौकटी, दर वर्षी फुलोऱ्याच्या त्याच टप्प्यावर मोजा. पाऊस, गवताची उंची आणि वाळलेल्या काडीकचऱ्याचा थर ही तीन मापं प्रत्येक वेळी घ्या. काडीकचऱ्याचा थर वाढू लागला की फुलं कमी होण्याआधीच इशारा मिळतो.

चौकटी पुन्हा सापडायला हव्यात. सर्पेंटाइनवर मॅग्नेटाइटमुळे होकायंत्र भरकटतं, त्यामुळे ‘खुणेपासून उत्तरेला बारा मीटर’ अशी नोंद पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरीकडेच नेईल. लोखंडी खुंटी ठोकून धातुशोधकाने शोधू म्हणाल तर तो आजूबाजूच्या दगडांनीही किणकिणत राहतो. चारही कोपऱ्यांचे उपग्रह-निर्देशांक लिहा, दोन ठळक खडकांपासूनची अंतरं फितीने मोजा आणि दोन विरुद्ध कोपऱ्यांतून फोटो काढून वहीत चिकटवा.